परराज्यातल्या वकिलाचं बिल आलं : जीएसटी कुणी, कुठल्या नावानं आणि कधी भरायचा?

वकिलाचं बिल टेबलावर आलं की हिशेब लिहिणारा माणूस हमखास विचारतो, "केस कुठल्या कोर्टात आहे?" घोळाला सुरुवात इथूनच होते. वकिली सेवेवरचा जीएसटी ठरवताना कोर्ट कुठं आहे, याला काहीच महत्त्व नाही. विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत आणि ते ठराविक क्रमानं विचारावे लागतात. क्रम चुकला की भरायचा नसलेला कर भरला जातो, भरायचा तो राहतो, किंवा आयजीएसटीचे (आंतरराज्य व्यवहारावरच्या कराचे) पैसे सीजीएसटी-एसजीएसटीच्या (राज्यातल्या राज्यात झालेल्या व्यवहारावरच्या केंद्र आणि राज्याच्या कराच्या) खात्यात जाऊन बसतात.

हा लेख मुख्यतः बिल देणाऱ्यांसाठी आहे : व्यापारी, कारखानदार, सोसायटीचे खजिनदार, त्यांचे अकाउंटंट. परराज्यातले किंवा परदेशातले अशील असलेल्या वकिलांसाठी शेवटाकडे वेगळा टप्पा आहे.

## आधी हे कागद समोर ठेवा

जीएसटी पोर्टल उघडायची घाई नको. आधी एवढं गोळा करा :

- वकिलाचं मूळ बिल. व्हॉट्सॲपवर आलेला "फी अमुक, कृपया पाठवा" हा निरोप बिल होत नाही.
- बिलावरचा वकिलाचा पत्ता आणि जीएसटी नंबर असल्यास तो. बहुतेक वकिलांकडं नंबर नसतो, त्यात गैर काही नाही.
- वकीलपत्र किंवा काम सोपवल्याचं पत्र. त्यावर तुमच्या कुठल्या शाखेचं नाव आणि पत्ता आहे, ते पाहा.
- मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल. एका पॅनवर देशभर जेवढी झाली तेवढी सगळी.
- या कामापोटी वकिलाला दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीख. ॲडव्हान्ससुद्धा.
- कोर्ट फी, स्टँप वगैरेच्या मूळ पावत्या.

यातली ॲडव्हान्सची तारीख बहुतेकांकडं सापडत नाही, आणि पुढं व्याज लागतं ते नेमकं तिच्यामुळंच.

## टप्पा १ : बिल देणारा नक्की कोण आहे?

काळा कोट घातलेला प्रत्येक जण आणि 'लीगल' शब्द असलेली प्रत्येक संस्था करासाठी सारखी नसते.

वकील, ज्येष्ठ वकील किंवा वकिलांची फर्म. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली नोंदलेला वकील, ज्येष्ठ वकील (न्यायालयानं 'सीनियर ॲडव्होकेट' हा दर्जा दिलेला) आणि वकिलांची भागीदारी फर्म यांनी धंदा करणाऱ्याला दिलेल्या सेवेवरचा कर सेवा घेणाऱ्यानं भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज, बोलीभाषेत आरसीएम म्हणतात. वकिलांची एलएलपीही यात फर्म म्हणूनच धरली जाते. सल्ला असो, नोटीस असो, कोर्टात उभं राहणं असो, सगळं यात येतं.

लवादाचं काम. लवाद मंडळानं धंद्याला दिलेली सेवासुद्धा आरसीएममध्येच आहे.

कायदेशीर सल्ला देणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी. यांना आरसीएम लागू नाही. नोंदणी असेल तर कर तेच बिलात लावतील आणि तेच भरतील. तुम्ही फक्त कर बरोबर लावलाय का ते तपासायचं. (कसं, ते टप्पा ४ मध्ये.)

परदेशी लॉ फर्म. हिचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. थेट टप्पा ८ वर जा.

> सावधान : नोंदणी नसलेल्या वकिलानं बिलात "जीएसटी १८%" लावून रक्कम मागितली तर ती देऊ नका. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करता येत नाही. शिवाय आरसीएमचं दायित्व तुमच्यावरच राहतं, म्हणजे कर दोनदा जाईल. बिल बदलून घ्या.

## टप्पा २ : मुळात कर लागतो का?

१८ टक्के हा दर डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की करमाफीची नोंद कुणी वाचतच नाही. वकील किंवा वकिलांच्या फर्मनं पुढच्यांना दिलेली सेवा करमुक्त आहे :

- धंदा न करणारी व्यक्ती. घटस्फोट, वारसा, अपघाताची भरपाई अशी घरगुती प्रकरणं यात आली.
- दुसरा वकील किंवा वकिलांची फर्म.
- मागच्या आर्थिक वर्षात नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी उलाढाल असलेला व्यावसायिक.
- केंद्र सरकार, राज्य सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था.

ज्येष्ठ वकिलाच्या बाबतीत दुसरी ओळ गळते. ज्येष्ठ वकिलानं वकिलांच्या फर्मला बिल दिलं आणि त्या फर्मची उलाढाल मर्यादेवर असेल, तर फर्मला आरसीएम भरावा लागतो. लहान फर्मा इथं हमखास सापडतात, कारण "आम्हीच वकील, आम्हाला कसला कर" ही समजूत.

उलाढालीच्या ओळीत दोन बारकावे आहेत. पहिला म्हणजे बघायचं ते *मागचं* वर्ष. यंदा उलाढाल दोन कोटींवर गेली, पण मागच्या वर्षी ती मर्यादेच्या आत होती, तर यंदाच्या वकिलाच्या बिलावर कर नाही. उलट, यंदा धंदा बसला म्हणून माफी मिळत नाही. दुसरा म्हणजे मर्यादा कुठली, हे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्यांना २० लाख, निव्वळ माल विकणाऱ्यांना ४० लाख. इतर काही राज्यांत ती कमी आहे.

जीएसटी नंबर आहे म्हणजे आरसीएम आलाच, असंही नाही. ऐच्छिक नोंदणी घेतलेल्या छोट्या दुकानदाराची मागच्या वर्षीची उलाढाल १२ लाख असेल, तर वकिलाची फी करमुक्तच. अशा दुकानदारांना इमानेइतबारे आरसीएम भरताना मी पाहिलंय.

> तपासा : सहकारी गृहनिर्माण सोसायटी, क्लब, संघटना यांना "आम्ही थोडाच धंदा करतो" म्हणून हा टप्पा ओलांडता येत नाही. जीएसटी कायद्यात 'धंदा' या शब्दात त्याही येतात. वर्षाला २० लाखांवर उलाढाल असलेल्या सोसायटीनं डीम्ड कन्व्हेयन्ससाठी (बिल्डरनं न दिलेली जागेची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) वकील लावला, तर पुढचे टप्पे तिलाही वाचावे लागतील.

## टप्पा ३ : सेवा घेणारा 'तुम्ही' म्हणजे तुमची कुठली शाखा?

एकाच राज्यात, एकाच नंबरवर काम करत असाल तर हा टप्पा सोडा.

दोन राज्यांत नोंदणी असेल तर जीएसटीच्या दृष्टीनं तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती आहात. समजा मुख्य कार्यालय मुंबईत आणि कारखाना वापीला. कारखान्यातल्या कामगार वादासाठी सुरतचा वकील लावला. वकीलपत्र आणि बिल वापीच्या नावानं असेल, तर वकील गुजरातचा, घेणारा गुजरातचा : वापीच्या नंबरवर सीजीएसटी आणि गुजरातचा एसजीएसटी. तेच बिल सवयीनं मुंबईच्या नावानं फाडलं, तर मुंबईच्या नंबरवर आयजीएसटी. काम तेच, वकील तोच, पण कर वेगळ्या राज्यात, वेगळ्या नावानं. त्याचं क्रेडिटही (भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घ्यायची सोय) मुंबईत अडकतं, वापीला गरज असली तरी.

म्हणून वकील लावतानाच ठरवा आणि काम सोपवण्याच्या पत्रात लिहा : सेवा अमुक शाखेसाठी, बिल अमुक नंबरवर. बिल आल्यावर ठरवायला बसलात तर उशीर झाला.

एकच वकील सगळ्या शाखांसाठी काम करत असेल तर १ एप्रिल २०२५ पासून मुख्य कार्यालयाला आयएसडी (इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर, म्हणजे क्रेडिट वाटणारं कार्यालय) नोंदणी घेऊन ते क्रेडिट शाखांमध्ये वाटणं बंधनकारक झालंय. आरसीएमचा कर मात्र आयएसडीच्या नंबरवर भरता येत नाही. तो त्याच राज्यातल्या नेहमीच्या नंबरवर भरायचा, मग तिथून आयएसडीकडं वळवायचा.

## टप्पा ४ : आयजीएसटी की सीजीएसटी-एसजीएसटी?

आता खरा सीमेचा प्रश्न. यात दोनच गोष्टी पाहायच्या :

१. सेवा देणाऱ्याचं ठिकाण : वकिलाचं कार्यालय कुठल्या राज्यात आहे.
२. पुरवठ्याचं ठिकाण : नोंदणी असलेल्याला सेवा दिली, तर त्या नोंदणीचं राज्य. हे आयजीएसटी कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे.

दोन्ही एकाच राज्यात असतील तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. वेगळ्या राज्यांत असतील तर १८ टक्के आयजीएसटी. संपलं. कोर्ट, सुनावणीची जागा, वकिलाचा मूळ गाव, पैसे कुठल्या बँकेत गेले, यातलं काहीही मधे येत नाही.

थोडी उदाहरणं लावून पाहू.

कोल्हापूरचा कारखाना, दिल्लीचा वकील, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात : आयजीएसटी.

तोच कारखाना, तेच प्रकरण, पण वकील पुण्याचा आणि तो विमानानं दिल्लीला जाऊन बाजू मांडतो : सीजीएसटी-एसजीएसटी. सुनावणी दिल्लीत झाली म्हणून काही बदलत नाही.

निपाणीचा व्यापारी, कोल्हापूरचा वकील : आयजीएसटी. तो व्यापाऱ्यानं आपल्या कर्नाटकच्या नंबरवर भरायचा. मधलं अंतर किती, हा प्रश्नच नाही.

पुण्यातल्या सेझमधलं (विशेष आर्थिक क्षेत्रातलं) युनिट, वकीलही पुण्याचा : हा व्यवहार आंतरराज्य समजला जातो. शहर एकच असलं तरी सेझ कायद्यानं वेगळाच धरलाय.

आता माझी स्वतःची चूक. जीएसटी सुरू होऊन वर्ष होत आलं असेल. सावंतवाडीच्या एका व्यापाऱ्यानं गोव्यातल्या डीलरकडून वसुलीसाठी पणजीचा वकील लावला होता. बिलावर ठळक अक्षरांत 'मुंबई उच्च न्यायालय' लिहिलेलं. मी ते वाचलं आणि ९ अधिक ९ लावून मोकळा झालो. मुंबई उच्च न्यायालयाचं एक खंडपीठ गोव्यात बसतं आणि तिथल्या वकिलाचा पत्ता गोव्याचा असतो, हे ठाऊक असूनही त्या क्षणी डोक्यात आलं नाही. उच्च न्यायालय एक असलं तरी राज्यं दोन. पुढची सहा बिलं मी त्याच नमुन्यात उतरवली. ते कसं निस्तरलं ते शेवटच्या टप्प्यात येईलच.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. बिल हातात आलं की कोर्टाचं नाव बोटानं झाकायचं आणि फक्त दोन पत्ते वाचायचे. जीएसटी नंबर असेल तर पहिले दोन आकडे : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, दिल्ली ०७, तेलंगणा ३६.

फर्मची मुंबईत आणि दिल्लीत दोन्हीकडं कार्यालयं असतील तर काम कुठल्या कार्यालयानं केलं आणि बिल कुठून निघालं ते पाहा. लेटरहेडच्या तळाशी पाच शहरांची नावं छापलेली असतात, ती करासाठी निरुपयोगी.

जमीन-जागेचं काम असेल तर थांबा. स्थावर मालमत्तेशी *थेट* संबंधित सेवेचं ठिकाण म्हणजे ती मालमत्ता जिथं आहे ते राज्य. या तरतुदीत आर्किटेक्ट, सर्व्हेअर, इंजिनिअर, त्यांच्यासारखे इतर तज्ज्ञ आणि इस्टेट एजंट यांची नावं आहेत. वकिलाचं नाव घेऊन उल्लेख नाही. "कर्नाटकात जमीन घेण्याचे नियम काय" हा सर्वसाधारण सल्ला झाला, त्याला नेहमीचा नियम. पण बेळगावातल्या अमुक सर्व्हे नंबरचा टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) कोल्हापूरच्या वकिलानं कोल्हापूरच्या कंपनीसाठी केला, तर वाद होऊ शकतो. थेट संबंध मानला तर ठिकाण कर्नाटक आणि कर आयजीएसटी, नाही मानला तर सीजीएसटी-एसजीएसटी. माझी पद्धत अशी : जमिनीवरून कोर्टात चाललेल्या दाव्याला नेहमीचा नियम लावतो. विशिष्ट जागेच्या टायटल किंवा दस्ताच्या कामासाठी सल्लागाराचं मत लेखी घेऊन फाईलला लावतो आणि पुढं त्याच मतावर ठाम राहतो. एका बिलाला एक आणि पुढच्या बिलाला दुसरं, हे सगळ्यात वाईट.

> तपासा : आरसीएममध्ये न येणाऱ्या सल्लागार कंपनीनं बिलात कर लावला असेल तर नेमका कुठला, ते पैसे देण्याआधी पाहा. दिल्लीच्या कंपनीनं तुमच्या महाराष्ट्राच्या नंबरवर 'सीजीएसटी अधिक दिल्ली एसजीएसटी' लावलं असेल तर ते क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही. बिल दुरुस्त होऊन येईपर्यंत पैसे रोखा.

## टप्पा ५ : कर कुठल्या रकमेवर?

एक बिल उघडून पाहू. दिल्लीचा, जीएसटी नंबर नसलेला वकील. घेणारा कोल्हापूरचा कारखाना.

- वकिली फी : १,५०,०००
- क्लार्केज (वकिलाच्या कारकुनाचा मेहनताना) : १५,०००
- विमान, टॅक्सी, टायपिंग : १८,४००
- कोर्ट फी, पावती कारखान्याच्या नावानं : ५,०००

बहुतेक जण पहिल्या ओळीवर १८ टक्के लावतात आणि बिल बाजूला ठेवतात. पण वकिलानं आपल्या बिलात मागितलेला आनुषंगिक खर्च हा सेवेच्या किमतीचाच भाग असतो. क्लार्केज आणि प्रवास दोन्ही धरायचे. कोर्ट फी मात्र वकिलानं तुमच्या सांगण्यावरून, तुमच्या वतीनं भरलीय, बिलात वेगळी दाखवलीय आणि जेवढी भरली तेवढीच मागितलीय. ती वगळता येते, पण पावती हातात असेल तरच.

म्हणजे करपात्र रक्कम १,८३,४००. आयजीएसटी १८ टक्क्यांनी ३३,०१२ रुपये.

वकिलाच्या हातात कराचा एक रुपयाही द्यायचा नाही. त्याला बिलाचे १,८८,४०० (आयकराचा टीडीएस लागत असेल तर तो कापून) आणि सरकारला ३३,०१२.

जाता जाता : वकिलाची दिल्लीतली हॉटेलची खोली कंपनीनं स्वतः बुक केली, तर हॉटेल दिल्लीचा एसजीएसटी लावेल आणि महाराष्ट्रात त्याचं क्रेडिट मिळणार नाही. खर्च अंदाजताना तो कर खिशातूनच गेला असं धरा.

## टप्पा ६ : कर कधी लागू झाला?

"बिलाच्या महिन्यात" हे उत्तर चुकीचं आहे.

वकील नोंदणीकृत असेल तर पैसे दिल्याची तारीख किंवा त्याच्या बिलानंतर ६० दिवस उलटल्यावरचा लगेचचा दिवस, यातलं जे आधी येईल ते.

वकील नोंदणीकृत नसेल तर बिल तुम्हीच बनवायचं. याला सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. इथं पैसे दिल्याची तारीख किंवा सेल्फ इन्व्हॉइसची तारीख, जे आधी येईल ते. १ नोव्हेंबर २०२४ पासून सेल्फ इन्व्हॉइससाठी सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. त्याआधी लोक वर्षअखेरीला एकगठ्ठा सेल्फ इन्व्हॉइस बनवायचे. ती सवय आता महागात पडते. शिवाय पैसे देताना पेमेंट व्हाउचरही बनवायचं असतं, हे विसरलं जातं.

वरच्याच बिलात समजा १२ सप्टेंबरला ५०,००० ॲडव्हान्स दिला होता. सुनावणी ३० ऑक्टोबरला झाली, वकिलाचं बिल ३ नोव्हेंबरला आलं आणि तुम्ही ६ नोव्हेंबरला सेल्फ इन्व्हॉइस बनवलं. मग ५०,००० वरचा ९,००० आयजीएसटी सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये आणि उरलेल्या १,३३,४०० वरचा २४,०१२ नोव्हेंबरच्या. सगळा कर नोव्हेंबरमध्ये दाखवला तर ९,००० वर मधल्या दिवसांचं वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागेल. रक्कम किरकोळ असते, पण पाच वकील आणि वर्षभराचे ॲडव्हान्स धरले की ती किरकोळ राहत नाही.

> सावधान : लेजरमध्ये वकिलाच्या नावापुढं नुसतं 'ॲडव्हान्स' म्हणून पडून असलेली रक्कम दर महिन्याला पाहा. त्यावर आरसीएम गेलाय का, हा एकच प्रश्न विचारा.

## टप्पा ७ : भरायचा कसा आणि क्रेडिट कसं घ्यायचं?

क्रम असा :

१. सेल्फ इन्व्हॉइसवर वकिलाचं नाव-पत्ता, पुरवठ्याचं ठिकाण, ९९८२ या गटातला सेवा कोड, आणि कर रिव्हर्स चार्जनं देय असल्याची नोंद ठेवा. दिवाणी आणि इतर प्रकरणांसाठी कोड ९९८२१२, फौजदारीसाठी ९९८२११, लवादासाठी ९९८२१५.
२. चलन बनवून कर रोख खात्यातून भरा. क्रेडिट खात्यात कितीही शिल्लक असली तरी आरसीएम तिच्यातून भागवता येत नाही.
३. जीएसटीआर-३बी या रिटर्नच्या तक्ता ३.१(डी) मध्ये रक्कम आणि कर दाखवा. आयजीएसटी असेल तर आयजीएसटीच्याच रकान्यात.
४. त्याच महिन्यात तक्ता ४(ए)(३) मध्ये क्रेडिट घ्या, अर्थात काम धंद्याचं असेल आणि क्रेडिट अडवलेलं नसेल तर. कंपोझिशनवाल्यांनी (उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरणाऱ्यांनी) आरसीएम पूर्ण दरानंच भरायचा, त्यांना क्रेडिट नाही.

महिन्याच्या रिटर्नची तारीख पुढच्या महिन्याची २०. तिमाही रिटर्नवाल्यांनी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ या चलनानं भरायचा.

"भरायचा आणि लगेच परत घ्यायचा, मग भरायचाच कशाला?" असं दर दुसरा मालक विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण न भरल्यास व्याज आणि दंड लागतो, आणि क्रेडिटची मुदत उलटली की तेही जातं. ही मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंत.

## टप्पा ८ : सीमा देशाची असेल तर

परदेशी लॉ फर्मकडून धंद्यासाठी सेवा घेतली की ती सेवेची आयात. कर आयजीएसटी, भरायचा तुम्ही, तोही आरसीएमनं. पण इथं टप्पा २ मधली उलाढालीची माफी लावू नका. ती ॲडव्होकेट्स ॲक्टखालच्या वकिलांसाठी आहे, लंडनच्या सॉलिसिटरसाठी नाही. त्यामुळं छोट्या व्यावसायिकालाही परदेशी बिलापायी नोंदणी घ्यावी लागू शकते. धंद्याशी संबंध नसलेल्या वैयक्तिक कामासाठी सेवा घेतली तर कर नाही. रिटर्नमध्ये याचं क्रेडिट तक्ता ४(ए)(२) मध्ये जातं, ४(ए)(३) मध्ये नाही.

## टप्पा ९ : तुम्ही स्वतः वकील असाल तर

परराज्यातल्या धंदेवाईक अशिलाला बिल देताना नोंदणीची गरज नाही, कितीही फी असली तरी. फक्त आरसीएमखालचीच सेवा देणाऱ्याला नोंदणीतून सूट आहे. बिलावर पूर्ण पत्ता राज्यासह लिहा आणि "कर रिव्हर्स चार्जनं सेवा घेणाऱ्यानं भरायचा" ही ओळ घाला. अशिलाच्या अकाउंटंटचा एक फोन वाचेल.

गोष्ट बदलते ती परदेशी अशील आला की. आरसीएम भारतातल्या व्यावसायिकालाच लागू आहे. सिंगापूरच्या कंपनीला दिलेला सल्ला त्यात बसत नाही. मग तुम्ही 'फक्त आरसीएमवाले' उरत नाही. नोंदणीची मर्यादा मोजताना देशातली सगळी फीसुद्धा धरावी लागते, आणि ती २० लाखांवर असेल तर नोंदणी येते. निर्यातीच्या अटी पूर्ण केल्या, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या प्रकारे रुपयांत आले आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरलेली असली, तर कर शून्य. एलयूटी दर आर्थिक वर्षी नवी भरायची असते.

यातही सापळा आहे. परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या जागेशी थेट संबंधित काम केलं, तर पुरवठ्याचं ठिकाण भारतातच येतं. पैसे डॉलरमध्ये आले तरी ती निर्यात नव्हे.

## टप्पा १० : चुकीच्या नावानं कर भरला गेला असेल तर

माझ्या सावंतवाडीच्या प्रकरणाकडं परत येतो. सीजीएसटी-एसजीएसटी भरला होता, भरायला हवा होता आयजीएसटी.

पोर्टलवर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम सरकवून हे सुटत नाही, कारण कर भरून झालेला असतो. रस्ता असा :

१. आधी योग्य नावाचा कर, म्हणजे आयजीएसटी, रोख भरा. व्यवहार राज्यातला समजून चुकीनं दुसऱ्या नावाचा कर भरला असेल तर या रकमेवर व्याज लागत नाही.
२. चुकीच्या सीजीएसटी-एसजीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर आधी ते उलटवा. क्रेडिटही ठेवायचं आणि रिफंडही मागायचा, असं चालत नाही.
३. योग्य कर भरल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत चुकीच्या कराचा रिफंड मागा. सीजीएसटी कायद्याचं कलम ७७ आणि आयजीएसटी कायद्याचं कलम १९ याच कामासाठी आहेत. अधिकाऱ्यानं चूक काढायची वाट पाहायची गरज नाही, स्वतः लक्षात आली तरी चालतं.
४. अर्जाला बिलवार तक्ता जोडा : बिल क्रमांक, वकिलाचा पत्ता, आधी भरलेला कर, नंतर भरलेला कर, चलनाची तारीख.

मी पहिला अर्ज तक्त्याशिवाय केला होता. त्रुटीचा मेमो आला. दुसऱ्या वेळी सात बिलांच्या सात ओळी आणि प्रत्येक बिलावर वकिलाच्या पणजीच्या पत्त्याखाली लाल रेघ मारून फाईल दिली.